इतर माहिती

पालकांना वर्गाची खबर देणे हे प्राथमिक शिक्षकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. शिक्षणहक्क कायदा 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 24 नुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि त्यांना चार गोष्टी सांगायच्या: मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्याची प्रगती आणि इतर संबंधित माहिती. वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत या कलमाचे निष्ठेने पालन होते, विशेषतः चौथ्या गोष्टीचे.

पहिली गोष्ट हजेरी. जूनअखेर शाळा उघडते तेव्हा पट भरलेला असतो. सोयाबीनची सोंगणी आली की मागचे बाक रिकामे होऊ लागतात. दिवाळीनंतर मानोरा, मालेगावकडच्या तांड्यांवरून कुटुंबे ऊसतोडीला निघतात. सोबत जाणाऱ्या मुलाला शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यायचे असते, म्हणजे तिकडच्या शाळेला त्याची इयत्ता कळते. मुलगा गैरहजर असल्याचे ज्या बापाला कळवायचे, तोच त्याला ट्रकमध्ये बसवून घेऊन गेलेला असतो. तरी कळवले जाते, कारण कळवल्याची नोंद लागते.

दुसरी आणि तिसरी गोष्ट, क्षमता आणि प्रगती, या प्रगतिपत्रकात मावतात. राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात अ-1, अ-2 अशा श्रेणी असतात आणि शेजारी ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने. प्रत्येक मूल वेगळे असते, म्हणून प्रत्येकाची वेगळी वर्णनात्मक नोंद हवी, हा त्यामागचा विचार. या वेगळ्या नोंदींच्या तयार याद्या आता मोबाइलवर फिरतात. त्यामुळे रिसोडचे मूल आणि कारंजाचे मूल एकाच सत्रात ‘कविता तालासुरात म्हणतो’, दोघांनाही चित्रे रंगवण्याची आवड असते आणि दोघांचेही अक्षर सुधारणे आवश्यक असते. पालक श्रेणी पाहतो, सही करतो आणि विचारतो, ‘सर, पास झाला न?’

चौथी गोष्ट सर्वांत समृद्ध आहे. तिचे वाहन म्हणजे इयत्तेचा व्हॉट्सअॅप गट. रात्री नऊला सूचना येते: ‘अपार आयडीचे संमतीपत्र उद्या सकाळी जमा करावे. आधारवरचे नाव आणि शाळेतले नाव तंतोतंत जुळावे.’ खाली ‘ओके सर’, जोडलेले हात, पुन्हा ‘ओके सर’, मग कारंजा बाजारातला सोयाबीनचा भाव, आणि त्याखाली कोणाचे तरी ‘शुभ रात्री’. सकाळी निम्मी मुले संमतीपत्राशिवाय येतात, कारण फोन बापाचा आहे, बाप शेतावर आहे आणि मुलाचे दप्तर भरणाऱ्या आईपर्यंत तो गट पोचलेलाच नाही. अपार हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक 12 अंकी असतो. ज्या मुलाला तो मिळतो, त्याला 12 चा पाढा येतो का, हे गटावर कोणी कळवत नाही. तसा नमुनाच आलेला नाही.

वाशीम 2018 पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, त्यामुळे माहितीची भूकही आकांक्षित आहे. शाळेत वीज आहे का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, पुस्तके वेळेत मिळाली का, हे वर कळवायचे असते. पालकांना खाली कळवल्याचा पुरावाही वरच कळवायचा असतो.

त्यासाठी सभा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. फळ्यावर रंगीत खडूने ‘पालक सभा’ आणि तारीख लिहिली जाते, ती दिसेल असा फोटो निघतो आणि फोटो निघाल्यावर सभेला आलेल्यांपैकी अर्धे उठतात. उरलेले टाकीच्या गळक्या नळावर आणि खिचडीतल्या डाळीवर तासभर बोलतात. इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदकाच्या नावांसह एक वाक्य येते: ‘विद्यार्थ्यांच्या प्रगतीबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली.’

यांखेरीज एक अनधिकृत मार्ग आहे. आठवडी बाजारात शिक्षक भाजी घेत असताना एखादी आई त्यांना थांबवते.

‘सर, पोट्टं काही शिकून राह्यलं का नाही?’

‘शिकून राह्यलं, बाई. वाचते चांगलं. हातच्याची वजाबाकी अडते. झोपायच्या आधी दोन गणितं करून घ्या.’

‘मले कुठं येते, सर?’

‘मोठ्या पोरीले सांगा. तिले येते.’

क्षमता, प्रगती आणि उपाय, सारे एका मिनिटात आटोपते. या संवादाला फळा नसतो, फोटो नसतो, सूचक-अनुमोदक नसतात. त्यामुळे महिन्याच्या अहवालात ‘पालक संपर्क’ या रकान्यात तो धरला जात नाही.