दुर्मिळकाका

शनिवार पेठेतला आमचा वाडा पडून तिथे इमारत झाली, तरी काकांची पाटी जुन्या जिन्याखालून नव्या जिन्याखाली आली, एवढंच. ‘जुनी रहस्यकथा विकणे आहे. चौकशी दुपारी 4 नंतर.’ रहस्यकथा एकच. पाटी लावून अकरा वर्षं झाली.

गिऱ्हाईक आलं की काका आधी त्याला हात धुवायला पाठवतात. मग कपाटातून पंच्यात गुंडाळलेलं पुस्तक निघतं. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार!

“यावर साल दिसत नाही,” गिऱ्हाईक म्हणतं.

“साल कशाला हवं? किंमत बघा, आण्यांत आहे. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. मग आणे बोलण्यात राहिले, छापण्यातून गेले. काढा आता हिशोब.”

दुसरा कोणी विक्रेता मालाचे दोष झाकतो. काका ते एकेक करून दाखवतात आणि किंमत वर चढवत नेतात. मुखपृष्ठावरच्या बाईचा चेहरा उडालाय, पण पिस्तूल शाबूत आहे. मलपृष्ठावर चहाच्या कपाचं वर्तुळ आहे. ‘बशीतून पिणाऱ्याचा कप असता तर एवढं रेखीव उठलं असतं का?’ नवव्या पानावर कुणा दुष्टाने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘खून मुनीमजीने केला.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘साफ खोटं. वाचत राहा.’ या दोन ओळींचे काका पन्नास रुपये वेगळे धरतात. एकाने पानांना कसर लागल्याचं दाखवून भाव पाडायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, “कसरीने खाल्लं तेवढं पुरे. आता तुम्ही नका कसर काढू.”

मी एकदा वाद घातला. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, मग ही दुर्मिळ कशी?

काकांनी चष्मा काढला. आता आपलं काही खरं नाही, हे मी ओळखलं.

“लिहिल्या हजार, ठेवल्या कोणी? ज्ञानेश्वरी लोक देव्हाऱ्यात ठेवायचे आणि झुंजार भूगोलाच्या पुस्तकात. लायब्ररीतली एक प्रत अख्ख्या आळीत फिरायची. उशीखाली, माळ्यावर, संडासाच्या रांगेत! पाठ मोडली की रद्दीत. ज्यांची पुस्तकं कोणी उघडलीच नाहीत, त्या लेखकांच्या प्रती मागा की. करकरीत मिळतील, हव्या तेवढ्या.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी पाकीट काढलं आणि काका मागत होते ते आठशे रुपये टेबलावर ठेवले. अकरा वर्षांत हे कोणी केलं नसावं. काका नोटांकडे असे बघू लागले, की जणू मुनीमजीच दारात उभा आहे.

“रोख?” ते म्हणाले. “म्हणजे... आजच?”

“आजच.”

“उद्या आलात तर? एकदा नजरेखालून घालतो. काही पान-बिन सुटलं असलं तर तुम्हाला फसवल्यासारखं व्हायचं.”

काका पंचा शोधू लागले. तेवढ्यात मी पुस्तक उघडलं. आतल्या बाजूला लायब्ररीचा पुसट शिक्का आणि तारखांचा कागद. तारखा आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नीट खाली उतरत आलेल्या. शेवटची 14 मे 1963. त्याखाली कागद कोरा. अर्नाळकरांच्या धनंजय डिटेक्टिव्हचा मदतनीस छोटूसुद्धा धनंजयला न विचारता उलगडा करू शकला असता.

“काका, तेव्हा तुम्ही कितवीत होता?”

पुस्तक माझ्या हातातून गेलं. पंच्याचे दोन वेढे बसले.

“सातवीची सुट्टी,” काका कपाटाला कुलूप लावत म्हणाले. “आणि मी न्यायला निघालो होतो परत. त्यांनीच जून महिन्यात लायब्ररी बंद केली, त्याला मी काय करू?”

मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, “दंड दिवसाला किती होता, आठवतं का हो कोणाला तुमच्याकडे?”