आल्यागेल्याला उपाशी धाडू नये

आमच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात किडीवर बोलायला तज्ज्ञ शोधावा लागत नाही. पारावर बसलेला कोणताही कास्तकार बोंडअळी, खोडमाशी आणि चक्रीभुंगा यांची अशी खानदानी माहिती देतो, की जणू सोयरीकच जमवायची आहे. कोणतं औषध, किती मिली, कोणत्या पंपाला, वारा कोणीकडून असावा, सगळं तोंडपाठ. कीटकनाशकाच्या पाट्या इतक्या, की नवख्याला वाटावं गावात दुसरा धंदाच नाही. आणि अशा गावातल्या हॉटेलांत झुरळं लेकुरवाळी होऊन नांदतात. वावरातल्या अळीनं एक पान कुरतडलं तर मालकाची झोप उडते. हॉटेलातल्या झुरळानं अख्खा आलुबोंडा फिरून पाहिला तरी मालक म्हणतो, "जाऊ द्या जी, त्यालेही पोट आहे."

स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, पोरांच्या शिष्यवृत्त्या आणि मधूनमधून हॉटेलवाल्यांचं 'फूड लायसन'. शेजारी काकाजींचं हॉटेल. त्याचं नाव सांगत नाही. माझी उधारी चालू आहे.

कायदा तसा सोपा आहे. अन्नसुरक्षा कायदा झाला २००६ साली, अंमलात आला ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याच वर्षीच्या नियमावलीनं छोट्या माणसाला सवलत दिली: वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असली तर परवाना नको, नुसती नोंदणी करा, फी वर्षाला शंभर रुपये. काकाजींची उलाढाल तेव्हापासून बाराच्या आत मुक्कामाला आहे. तेल वाढलं, बेसन वाढलं, समोसा दुप्पट महाग झाला, उलाढाल तसूभर हलली नाही. नोंदणीचा चौदा आकडी नंबर आला, तो दर्शनी भागात लावायचा असतो म्हणून सांगितलं. काकाजींनी तो फ्रेम करून गजानन महाराजांच्या फोटोशेजारी टांगला. दोघांना मिळून एकच उदबत्ती.

खरी गंमत त्या नियमावलीच्या अनुसूची ४ मध्ये आहे. हॉटेल कसं ठेवावं हे तिच्यात लिहिलेलं असतं. मी ती काकाजींना वाचून दाखवली. कामगारांची नखं कापलेली असावीत. कचरापेटीला झाकण असावं. वर्षातून एकदा प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी व्हावी. जागेत उंदीर, झुरळ, माशी यांना थारा नसावा. काकाजी ऐकत राहिले आणि म्हणाले, "शंभर रुपयात एवढं?"

तरी माणूस कायद्याला मानणारा. अमरावतीहून पायानं उघडणारी कचरापेटी आणली. पेटी इतकी देखणी निघाली की तिच्यात कचरा टाकायला काकूंचा जीव होईना. तिच्यात आता बेसन असतं. कारागीर पायानं झाकण उघडतो, ओंजळभर घेतो, झाकण आपोआप बंद होतं. बेसनाला झुरळ लागणं त्या दिवसापासून थांबलं, हे कबूल केलं पाहिजे. कचरा मात्र पूर्वीच्याच टोपल्यात, उघडाच असतो.

कारागिराच्या तपासणीचा कागद माझ्याकडेच छापला. त्यात त्वचेची तपासणी, आतड्याच्या रोगांवरची लस आणि डोळ्यांची तपासणी असे रकाने असतात. कारागीर चिडला. "भजे मी हातानं काढतो, डोळे काहून पाह्यतात?" मी म्हटलं, तेलात काय पडलं ते दिसावं म्हणून. तो जरा वेळ विचार करून म्हणाला, "मंग नाही दिसलं तेच बरं न जी."

माशांचा बंदोबस्त मात्र आमच्याकडे अतिशय शास्त्रीय आहे. दाराच्या चौकटीला दोऱ्यानं प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या टांगायच्या, त्यांत पाणी भरायचं. पिशवीतल्या पाण्यात माशीला स्वतःचं भलंमोठं रूप दिसतं आणि ती घाबरून पळते, असा सिद्धांत आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी एका पिशवीकडे जवळ जाऊन पाहिलं. पिशवीच्या गाठीवर एक माशी बसली होती. पुढचे दोन पाय एकमेकांवर घासले, मग मागचे घासले, मग पिशवीवरून घरंगळल्यासारखी खाली आली आणि स्वतःच्या भल्यामोठ्या रूपाकडे पाहत तिथंच बसली. माशीला पायांनीही चव कळते म्हणतात. पिशवीला चव नाही हे तिनं तिथल्या तिथं ठरवलं आणि ती आत रसमलाईकडे गेली.

उंदरांच्या बाबतीत धर्मसंकट आहे. गणपतीचं वाहन, त्यातून वर टेकडीवर खंडेश्वर. गणपतीच्या बापाच्या डोळ्यांदेखत मारायचा कसा? म्हणून पिंजरा. पोळीचा तुकडा लावायचा, सकाळी सापडलेला पाहुणा रस्त्यापलीकडे नेऊन सोडायचा. रस्त्यापलीकडेही एक हॉटेल आहे आणि त्याचा मालकही धार्मिकच आहे. तो त्याचे उंदीर इकडे आणून सोडतो. दोघांच्याही पुण्याचा साठा वाढतो आहे. शटरच्या कोपऱ्याशी पत्रा गंजून फट पडली आहे. लहान उंदराला पेन्सिल शिरेल एवढी फट पुरते, शिवाय त्याचे दात जन्मभर वाढत असल्यानं त्याला काही ना काही कुरतडणं भागच असतं. हे मी सांगितल्यावर काकाजींनी फटीत बारदाना कोंबला. आठवड्यात उंदरीण त्याच बारदान्यात बाळंत झाली.

पुढे कोणीतरी सांगितलं, कीडनियंत्रणाचं रजिस्टर ठेवावं लागतं. काकाजी कोरं रजिस्टर घेऊन आले. "तारीख लिहिली. आता किती मेले ते लिहू का?" मी त्यांना सांभाळून लिहा म्हटलं, कारण ह्या रकान्यानं भल्याभल्यांची पंचाईत केली आहे. मार्च २०१८ मध्ये विधानसभेत एकनाथ खडसे यांनी मंत्रालयातल्या उंदरांचा हिशेब काढला होता. कागदावर सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारले गेले होते. मुंबई महापालिकेचे कामगार रात्रभर काठी आणि बॅटरी घेऊन हिंडतात, तेव्हा कुठं एकेकाचा तीस उंदरांचा कोटा भरतो. आणि इथं एका इमारतीत दिवसाला पंचेचाळीस हजारांहून अधिक! मागाहून खुलासा झाला की तो आकडा उंदरांचा नव्हता, विषारी गोळ्यांचा होता. काकाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं. "मंग मी काय लिहू? उंदीर का गोया?"

एवढ्यात अफवा उठली: अमरावतीहून सायेब येऊन राह्यले! अशी अफवा बडनेऱ्याहून सुटते आणि यवतमाळच्या रस्त्यानं हॉटेलामागून हॉटेल मोबाइलवर पुढे सरकते. त्या दिवशी आमचं स्टँड ओळखू येत नाही. टेबलं घासली जातात, तर्रीच्या गंजावर झाकण येतं, पोट्ट्यांच्या डोक्यावर टोप्या चढतात. माझं मत विचाराल तर सरकारनं अधिकारी नाही पाठवले तरी चालतील. पंधरा दिवसांतून एकदा अफवा पाठवावी.

ह्या अफवेत काकाजींचा भाचा पाठीला पंप लावून हजर झाला. कपाशीवरचं उरलेलं औषध होतं, त्याला वाटलं मामाची भट्टीही निघून जाईल. तिथं मात्र मी हात धरला. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात ह्याच फवारणीच्या विषबाधेनं उघड्या वावरात शेतकरी-शेतमजूर गेले, आणि हा ते स्वयंपाकघरात मारायला निघाला होता. भाचा ओशाळला, पंप उतरवला. मग शहरातून रीतसर पेस्ट कंट्रोलवाली पोरं बोलावली. त्यांनी फवारलं, कागद दिला, पैसे घेतले आणि आलुबोंडा न खाता गेली. काकाजींना त्या न खाण्याचंच जास्त लागलं.

आणि किडीच्या एवढ्या जाणकार गावात झुरळं का नांदतात, हे माझं कोडं इथंच सुटलं. झुरळावर जेवढं म्हणून लिहिलेलं आहे, त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: त्याला मारण्याआधी उपाशी ठेवा. रात्री ओटा कोरडा करा, ओलं फडकं पसरून ठेवू नका, भिजवलेली डाळ झाका, सांडलेलं उचला. अन्नावाचून ते काही आठवडे काढतं, पण पाणी तोडलं की त्याचं लवकर आटोपतं. आता हे वऱ्हाडी माणसाला सांगायचं! दारात आलेल्याला पाणी न देता घालवायचं? काकाजी रात्री शटर ओढतात तेव्हा आत अर्धा गंज रस्सा, दोन ओली फडकी, परातीखाली सांडलेली शेव आणि नळाची संथ धार असते. एवढा बंदोबस्त आमच्याकडे नव्या जावयाचाही होत नाही.

त्यातून मीच एक आगाऊपणा केला. हॉटेलातल्या ह्या लहान, तपकिरी झुरळाला जर्मन झुरळ म्हणतात, हे त्यांना सांगितलं. लिनियसनं १७६७ साली त्याला हे नाव दिलं, पण २०२४ च्या संशोधनात त्याच्या कुळीचा माग काढला तर ते निघालं आपल्याच बाजूचं, भारत-म्यानमारकडचं, एकवीसशे वर्षांपूर्वीचं. काकाजींचा चेहरा उजळला. "म्हणजे आपलंच पोट्टं न! मंग त्याले काहून हाकलता?"

फवारणीनं ते पोट्टं मेलं नाही, नुसतं घर सोडून निघालं. कुठं जाणार? भिंतीपलीकडे माझं दुकान. झुरळाला ऊब आवडते आणि नांदगावात दिवसभर गरम राहणारी, अंधारी, कोणी न हलवणारी वस्तू म्हणजे माझं झेरॉक्स मशीन. शिवाय त्यांच्या अंड्यांच्या पिशवीत तीस-चाळीस पिल्लं असतात, मादी ती पिशवी जवळजवळ चार आठवडे शेपटीशी बाळगते, आणि फवारा त्या पिशवीच्या आत जात नाही. कायद्याप्रमाणे हॉटेलाला सुधारणेची नोटीस आली तर निदान चौदा दिवसांची मुदत मिळते. झुरळानं त्या नोटिशीला उत्तर देण्याआधीच वंश वाढवून ठेवलेला असतो.

मग मी सुईसारख्या तोंडाची जेलची नळी आणली. फटीफटीत मुगाएवढे ठिपके द्यायचे. हे औषध मला फार पटलं, कारण ते आमच्या स्वभावाला धरून आहे. झुरळ ते गोड म्हणून खातं, बिळात जाऊन मरतं. मग त्याची विष्ठा आणि त्याचा देह भाऊबंद खातात आणि तेही जातात. म्हणजे एकाची तेरवी जेवून सगळी पंगत आटोपते. ज्याला मारायचं त्यालाही जेवू घालून मारायचं! काकाजींना हे सांगितल्याबरोबर त्यांनी दुसरी नळी मागवली. जे फवारणीनं, अनुसूचीनं आणि माझ्या भाषणांनी झालं नाही ते तेरवीनं केलं.

जेललाही पुरून उरणारे असतात म्हणा. अमेरिकेत फ्लोरिडाकडे गोड आमिषं वापरून वापरून १९९३ पर्यंत अशी झुरळं आढळली, की त्यांना ग्लुकोज कडू लागायला लागलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी गोड खाल्लं ती मेली, ज्यांना नावडलं ती उरली. काकाजींची शुगर तीनशेच्या घरात असते. डॉक्टर सांगून थकले, काकू रडून थकल्या, चहातला दुसरा चमचा सुटत नाही. त्यांनी ही हकिकत ऐकली आणि पोट्ट्याला म्हणाले, "एक कट आण रे. गोड. आपल्याच्यानं झुरयासारखं नाही होत बाप्पा."

परवा कारागिराच्या तपासणीच्या कागदाची झेरॉक्स काढायची होती. काच न पाहताच मी कागद ठेवला. प्रत बाहेर आली तर डॉक्टरांच्या सहीखाली एक काळी, लंबगोल आकृती, सहा पाय आणि लांब मिशांसकट. मी दुसरी काढायला गेलो तर काकाजींनी कागद हातातून घेतला, लांब धरून चष्म्यातून पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"राहू द्या जी. शिक्का पायजेच होता."