टेकूशास्त्री

आमच्या साताऱ्यात महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सन्मानाने निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांचे खरे नाव येथे देऊन त्यांच्या निवृत्तिवेतनास धक्का लावण्याची माझी इच्छा नाही; शहराबाहेरच्या माळावर तिरंदाजीचा सराव करणारी पोरे त्यांना टेकूशास्त्री म्हणतात, आणि ही पदवी त्यांनी स्वतःही, प्रथम हरकत नोंदवून व नंतर ती मागे घेऊन, रीतसर स्वीकारलेली आहे. कंपाउंड धनुष्यावर बाण ज्याच्या आधाराने विसावतो, त्या बोटभर अवयवाला, म्हणजे टेकूला, मैदानावर सर्रास ‘रेस्ट’ म्हणतात. तो कोणता बसवावा, हे प्रकरण त्यांच्यापुढे कित्येक महिने प्रलंबित आहे. धनुष्य आहे, बाण बारा आहेत, भाताही आहे. निकाल तेवढा व्हायचा आहे.

प्रकरणाचा उगम 5 ऑगस्ट 2023 चा. त्या दिवशी बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात रोवून 150 पैकी 150 गुण मिळवले. ते वर्तुळ म्हणजे पन्नास मीटरवर ठेवलेले आठ सेंटिमीटरचे, चहाच्या कपाच्या तोंडाएवढे. गल्लीत कंदी पेढे वाटले जात असताना शास्त्रीबुवा मात्र दूरदर्शन संचाला नाक लावून बसले होते. “पोरगी जिंकली, आनंद आहे,” ते म्हणाले, “पण बाण कशावर टेकवला होता, ते कोणी नीट पाहिलं का?” कोणीही पाहिले नव्हते. समोर चालू असलेल्या पंचनाम्यात मुख्य मुद्देमालच नोंदवायचा राहिला, असा भाव त्यांच्या मुद्रेवर उमटला आणि महिन्याभरात भविष्यनिर्वाह निधीचा एक लचका तुटून घरात धनुष्य आले.

धनुष्याची चिकित्सा त्यांनी लवकर उरकली. अमेरिकेतील मिसूरी संस्थानच्या हॉलेस विल्बर ॲलन नामक इसमाने 1966 साली एकस्वासाठी अर्ज केला, 1969 साली तो मंजूर झाला, आणि दोन्ही टोकांना विषमकेंद्री चाके असलेले हे धनुष्य जगाच्या सेवेत रुजू झाले. ओढताना आधी ते सारा जोर मागते, परंतु पूर्ण ओढ होताच चाके उलटतात आणि त्या जोरातला बहुतांश भार माफ होतो. “पूर्ण वसुली झाल्यावर एवढी सूट देणारं सरकार मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही,” हा त्यावरचा त्यांचा शेरा. धनुष्याचे स्क्रू ज्या षट्कोनी किल्लीने फिरतात तिला ॲलन-की म्हणतात, तेव्हा तीही त्याच महापुरुषाची देणगी असावी, अशी त्यांची दृढ समजूत आहे. वस्तुतः ती किल्ली कनेक्टिकटकडच्या दुसऱ्याच एका ॲलनची, आणि या धनुष्याहून पन्नासहून अधिक वर्षे जुनी. मी हे त्यांच्या कानावर घातलेले नाही. कोणाच्या श्रद्धेच्या नोंदीत फेरफार करण्याचा मला अधिकार नाही.

खरी सुनावणी टेकूंची. पहिला पक्षकार पाते: स्प्रिंगच्या पोलादाची अरुंद पट्टी, टोकाशी सापाच्या जिभेसारखी दुभंगलेली, त्या बेचक्यात बाण बसतो. तिच्यात दोरीची भानगड नाही, म्हणून निशाणाच्या स्पर्धांत बहुतेकांचा कौल तिलाच. शास्त्रीबुवांनीही तिला तत्त्वतः मंजुरी दिली. परंतु ती दहा थाउ जाडीची घ्यावी की बारा, या उपप्रश्नावर एक अख्खा पावसाळा गेला. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा हिस्सा, तेव्हा या वादाची एकंदर जाडी किती होते, हे वाचकांनी वर्तमानपत्राचे एक पान चिमटीत धरून अजमावावे; त्याहून ती अधिक भरणार नाही. शेवटी दोन्ही पाती आली, आणि माळावरच्या पहिल्याच वाऱ्याने बाण दोन्हींवरून निःपक्षपातीपणे खाली पाडला.

दुसरा पक्षकार पडता टेकू. तो दोरीने धनुष्याच्या केबलीला बांधलेला असतो. तार ओढली की उठतो, बाण सुटला की झटकन खाली बसतो, जेणेकरून मागून येणाऱ्या पिसांना त्याचा स्पर्श होऊ नये. साहेबांची चाहूल लागताच उठणारा आणि साहेब पुढे सरकताच बसणारा असा हा पट्टेवाला शास्त्रीबुवांना मनापासून भावला. मात्र असे पट्टेवाले वेळेवर बसतातच असे नाही, हा चाळीस वर्षांचा अनुभव गाठीशी असल्याने त्यांनी गुप्त चौकशी लावली. चौकशीची मान्य पद्धत अशी, की पिसांच्या कडांना रंग लावून बाण सोडायचा आणि टेकूवर डाग पडतो का ते पाहायचे. रंग म्हणून सुनेची लिपस्टिक वापरण्यात आली. डाग पडला नाही. परंतु लिपस्टिकचा जो खुलासा त्यांना द्यावा लागला, त्यापुढे खातेनिहाय चौकशी सौम्य म्हणावी.

तिसरा पक्षकार व्हिस्कर बिस्किट. हे ब्रशाच्या ताठ केसांचे वाटोळे कडे असून मधल्या छिद्रातून बाण जातो. धनुष्य उलटे धरले तरी बाण पडत नाही. “बिस्किट आलं का?” असे त्यांनी टपालवाल्याला दारातून विचारले, तेव्हा काकूंनी आत चहाचे आधण ठेवले होते. याची खरी उपयुक्तता झाडावर तासन्‌तास दबा धरून बसणाऱ्या परदेशी शिकाऱ्यांना. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला बंदी, आणि आमच्या आळीतला सर्वांत हिंस्र प्राणी म्हणजे शेजाऱ्यांचा बोका. तरीही, कायद्यात उद्या दुरुस्ती झाली तर आपली तयारी असावी, या दूरदृष्टीने बिस्किटावर तीन महिने विचार झाला. “अहो, धनुष्य आणलंत तेव्हापासून,” काकू म्हणाल्या, “या घरात नुसती रेस्टच चालली आहे.”

आणि मग कागद. टेकू योग्य जागी आहे की नाही याची कसोटी अशी, की चौकटीवर ताणलेल्या कागदातून दोन-चार पावलांवरून बाण सोडावा; दांडी गेली तिथे गोल भोक पडते आणि पिसे गेली तिथे चिरा. दोन्ही एका केंद्रात आले तर उत्तम. चिरा भोकाच्या वर गेल्या तर शेपूट उचलली जाते आहे असे समजून टेकू केसभर वर घ्यायचा, आणि पुन्हा नवा कागद. ज्या माणसाने हयातभर सरकारी कागदाला वाळवी लागू दिली नाही, तोच आता रोज सकाळी कागद भोसकू लागला. पण भोसकलेला कागद टाकवेना. प्रत्येकावर तारीख, टेकूचा प्रकार, स्क्रू किती फिरवला त्याचा तपशील, कारणाचा रकाना, शेरा, सही. आणि सारे बाड लाल रुमालात. काकूंनी एकदा संधी साधून रद्दीवाल्याला बोलावले. “भोकांचं वजन कापून घेईन,” तो म्हणाला. भोकाला वजनच नसते तर ते कापणार कशातून, हा मुद्दा शास्त्रीबुवांनी अर्धा तास इतक्या पोटतिडकीने मांडला, की तो तराजू गुंडाळून चालता झाला.

त्यांच्या शेजारीच आठवीतली एक मुलगी सराव करते. बारा थाउचे पाते तिला त्यांनी परतीच्या बोलीवर, पावती घेऊन दिले आहे. ती बाण सोडते तेव्हा ते दुर्बीण लावून पाहतात. निशाणाकडे नव्हे, पात्याकडे. द्रोणाचार्यांनी काय दिसते असे विचारले असते तर त्यांनी निःशंकपणे “स्क्रू” असे उत्तर दिले असते.

गेल्या महिन्यात एका सकाळी वारा पडला होता. शास्त्रीबुवांनी पाते बसवले, श्वास रोखला, बाण सोडला. कागदावर स्वच्छ वाटोळे भोक, भोवती बेलाच्या दळासारख्या तीन सारख्या चिरा. मुलीने टाळ्या वाजवल्या. त्यांनी कागद उतरवून उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून त्या भोकातून अजिंक्यतारा पाहिला, आणि सही करून कागद घडी न घालता घरी नेला.

दुसऱ्या दिवशी पन्नास मीटरवरचा पहिला बाण पाहायला मिळणार म्हणून मी पेढे घेऊन माळावर गेलो. सतरंजीवर धनुष्य उताणे, टेकू सुटलेला, स्क्रू वाटीत.

“अहो, काल तर निकाल लागला!”

“लागला ना, म्हणूनच,” ते म्हणाले. “फाटलं, की का फाटलं ते लिहिता येतं. काल नुसतंच जमलं. आता कारणाचा रकाना कोरा ठेवून प्रकरण दफ्तरी दाखल करायचं कसं? ती ॲलन-की द्या जरा इकडे. आणि पेढ्यांच्या पुड्याचा कागद टाकू नका, चांगला ताठ दिसतोय.”