विंडोजची शिवारफेरी

अकोल्याहून अमरावतीला येणाऱ्या एसटीचा वेग किती, असं कुणी विचारलं तर मी सव्वादोन एमबीपीएस असं सांगतो. हिशेब सरळ आहे. विंडोज ८ ची ‘कन्झ्युमर प्रिव्ह्यू’ नावाची कच्ची आवृत्ती २९ फेब्रुवारी २०१२ ला बार्सिलोनात जाहीर झाली, तिची लहानातली लहान फाइल अडीच जीबीची. आमच्या गल्लीत तेव्हा ५१२ केबीपीएसचं कनेक्शन म्हणजे ऐट. त्यावरून ती उतरवून घ्यायची तर अकरा तास, आणि तेही मध्ये लाइन गेली नाही तर. उलट माझा भाचा पेनड्राइव्ह खिशात टाकून अकोल्याला गाडीत बसला की मूर्तिजापूर, बडनेरा करत अडीच तासांत दारात हजर. एसटीला भारनियमनही नव्हतं.

त्यानं पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला तेव्हा शेजारचे गुरुजी बसलेलेच होते. फुकट आहे, कुणीही घ्यावं, त्याची किल्लीसुद्धा कंपनीनं सगळ्यांसाठी उघड छापली आहे, हे ऐकून त्यांनी चष्मा वर केला. “फुकट देऊन राह्यले म्हणजे काही तरी गोम असन बाप्पा.” गोम होतीच, पण तीही कंपनीनंच आधी सांगून टाकली होती: हे अजून पिकलेलं नाही, रोजच्या कामाच्या यंत्रावर घालू नका, काढायचं झालं तर जुनी विंडोज पुन्हा पहिल्यापासून घालावी लागेल, आणि जानेवारी २०१३ च्या मध्यावर याची मुदत संपेल. (आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत शिरलेली ही पहिलीच अस्सल विंडोज असावी. पण तो विषय निघाला की सगळे पोह्यांकडे वळतात.)

जगभरात पहिल्याच दिवशी दहा लाखांवर लोकांनी ती उतरवून घेतली, असं कंपनीनं सांगितलं. त्यांनी ती का घेतली ते मला माहीत नाही, पण वऱ्हाडातल्या माणसाला अशा गोष्टीचं वावडं नसतं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात खरिपाचं पीक उभं असताना शिवारफेरी असते. गावोगावचे शेतकरी प्लॉटमधून हिंडतात. प्रत्येक वाणापुढे पाटी लावलेली असते. शास्त्रज्ञ बोलत असतात, आणि एखादा धोतरवाला म्हातारा मान डोलवत पाटीकडे न बघता पान उलटं करून खालून तुडतुडे पाहतो, झाडाची बोंडं मोजतो, एक बोंड फोडून रुईचा धागा दोन चिमटींत ओढून बघतो. मग म्हणतो, “वरून त बरं दिसते.” विकत काही घेत नाही. पण त्याचं मत आत्ता, पीक उभं असतानाच मोलाचं असतं. एकदा पिशवीत बी भरून बाजारात आलं की त्याला कोण विचारतो? मला प्रिव्ह्यू आवडले ते ह्याच कारणानं. तयार माल आला की आपण नुसते गिऱ्हाईक.

तर आम्ही डी ड्राइव्ह रिकामा केला. त्यात लग्नाचे फोटो होते, ते डीव्हीडींवर चढवले. त्या डीव्हीडींवर कुणाचं लग्न ते लिहायचं राहिलं, त्यावरून घरात आजही चर्चा होते. विंडोज ८ ला १ जीबी मेमरी आणि १६ जीबी जागा पुरत होती, तेवढी आमच्याकडे निघाली. जुनी विंडोज सी वर तशीच, नवी डी वर. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर नेहमीच्या खिडकीऐवजी एक मासा उमटला. बीटा आवृत्तीला बेटा मासा, एवढाच त्यातला विनोद, आणि तो सिएटलकडच्या लोकांना पुरत असावा. आई तुळशीला पाणी घालून आत येत होती. “काय रे पोट्ट्या, मासोळी काहून आली याच्यात?”

मासोळी गेली आणि रंगीत चौकोनांचा पडदा आला. हे चौकोन बोटानं सरकवायचे, अशी मूळ कल्पना. आमचा मॉनिटर म्हणजे जुना फुगीर काचेचा डबा. तरी गुरुजींनी एका चौकोनाला बोट लावून पाहिलंच. काही हललं नाही. नुसता ठसा उमटला, तो आईनं पदरानं पुसला. मग भाच्यानं ‘डेस्कटॉप’वर टिचकी मारली, आणि खालच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत तो गप्प झाला.

“मामा, याले स्टार्टच नाही आहे!”

१९९५ पासून तिथं असलेलं बटण काढून टाकलं होतं. २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गांतून ज्यांनी ज्यांनी माउस धरला, त्यांचा श्रीगणेशा ‘स्टार्टवर क्लिक करा’ ह्या वाक्यानं झालेला. आता त्या जागी काहीच नाही. बाण अगदी कोपऱ्यात नेला तर एक चिमुकलं चित्र वर येई, आणि हात जरा हलला की दिसेनासं होई. यंत्र बंद करायचं म्हणजे त्याहून गंमत. बाण उजव्या कोपऱ्यात नेऊन धीर धरायचा, कडेनं पाच चिन्हं सरकत येतात, त्यांतल्या शेवटच्या सेटिंग्जवर जायचं, मग पॉवर, मग शट डाउन. हे आज असं ओळीनं लिहिता येतं. तेव्हा आम्ही तिघं पडद्याच्या चारी कोपऱ्यांत बाण फिरवत बसलो होतो, आणि मागून आई म्हणत होती, “बंद होत नाही म्हंतेस? मंग वायर काढ नं बाप्पा.”

एरवी ह्या घरात भाचा सांगणार, मी वहीत लिहून घेणार, अशी रीत. तो इतक्या भरभर क्लिक करतो की मी पहिली पायरी लिहीपर्यंत त्याची चहाची वेळ होते. त्या दुपारी मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही, आणि निवृत्त गुरुजींनाही नाही. उजव्या कोपऱ्यातली चिन्हं पहिल्यांदा वर आणली ती गुरुजींनी, चष्मा पुसताना कोपर माउसला लागून. पण त्यांनी ते कर्तृत्व म्हणून मिरवलं, आणि आम्हीही मिरवू दिलं. तयार विंडोजमध्ये त्यांना असं यश कुठं मिळालं असतं?

२६ ऑक्टोबर २०१२ ला पक्की आवृत्ती बाजारात आली, तीही बटणाशिवायच. जगभर इतका ओरडा झाला की १७ ऑक्टोबर २०१३ ला ८.१ मध्ये ते परत आणलं. मात्र दाबलं की पुन्हा तेच चौकोन. “सासरहून पोरगी परत आणली, पण अंगणापर्यंतच,” असा गुरुजींचा शेरा.

त्याआधीच, जानेवारीत मुदत संपली तेव्हा, भाच्यानं डी ड्राइव्ह साफ केला होता. वसंतात तो पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन एसटीनं आला. ह्या वेळी उबुंटू १३.०४ ची बीटा होती. तिचं टोपणनाव ‘रेरिंग रिंगटेल’, म्हणजे कड्यांच्या शेपटीचा एक अमेरिकी प्राणी, हे त्यानं आजीला मुद्दाम सांगितलं. आई डोळे बारीक करून सुरू होणाऱ्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“शेपूट कुठी आहे मंग?”