हब आणि हौद

परवा एका विद्यापीठातून आमंत्रण आलं. ‘शाश्वतता, समुदाय-वारसा आणि निसर्गाधारित अभिकल्प संशोधन हब’चं उद्घाटन. एवढं नाव वाचताना मध्ये एकदा पाणी प्यावं लागलं. अभिकल्प म्हणजे डिझाइन, हे खालची इंग्रजी ओळ वाचल्यावर कळलं. ‘हब’चं मराठी मात्र समितीला सापडलेलं दिसलं नाही. मराठीत त्याच्या जवळपासचा एकच शब्द मला माहीत आहे : हबकणे.

गेलो. दारात पर्यावरणरक्षणाचा बारा फुटी फ्लेक्स. पाहुण्यांच्या कोटावर सतरा रंगांचा तो गोल बिल्ला. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं ठरवली, त्यांतलं आपल्याकडे बिल्ल्याचं तेवढं वेळेत पूर्ण झालं. पुष्पगुच्छाऐवजी रोप दिलं आणि फोटो काढला. साधा नव्हे, जिओटॅगवाला, अक्षांश-रेखांशासकट. विद्यापीठांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या निकषांत हिरवाईची दखल असते. त्यामुळे हल्ली विद्यापीठातली झाडं मातीत कमी आणि पीडीएफमध्ये जास्त वाढतात.

मग सादरीकरण. कोपनहेगन झालं, सिंगापूर झालं, चीनमधली ‘स्पंज सिटी’ झाली. म्हणजे पाऊस पडला की तो जमिनीनं पिऊन घ्यायचा. जमिनीनं पाणी प्यावं ही कल्पना इतकी नवी निघेल असं मला वाटलं नव्हतं. सभागृहानं मात्र टाळ्या वाजवल्या. आपलं पुणं कधी येतंय याची वाट बघत होतो. आलं. शनिवारवाड्याचा दरवाजा, तीन सेकंद.

त्या दरवाज्याच्या आत पाणी कुठून येत होतं, हे कोणी विचारलं नाही. 1750च्या आसपास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला आंबील ओढ्याचं पाणी अडवलं आणि दगड-विटांचा नळ जमिनीखालून थेट गावात आणला. आठेक किलोमीटर. नळ म्हणजे आपली अर्ध्या इंची तोटी नव्हे. माणूस आत शिरेल एवढं भुयार. गाळ आधी खाली बसावा आणि मग पाणी पुढे सरकावं, अशी सोय. वाटेत जागोजाग उच्छ्वास, हवेसाठी आणि सफाईला उतरण्यासाठी. (उच्छ्वास! गटाराच्या झाकणाला ‘चेंबर’ म्हणणाऱ्या आम्हा लोकांना हा शब्द झेपत नाही.) वीज नाही, पंप नाही. कात्रज उंचावर आणि पुणं सखल, एवढ्याच भांडवलावर धंदा. हे पाणी काळ्या हौदात, बदामी हौदात, फडके हौदात पडायचं आणि त्यावर पेठा जगायच्या. हबला मराठी शब्द हवा होता ना? तो असा दगडी होता, गार होता आणि त्याच्या काठावर घागरी टेकत होत्या. आता रिक्षावाल्याला ‘फडके हौद चौक’ सांगितलं की तो बरोबर नेतो. हौद दाखवा म्हटलं तर मीटर थांबवून आपल्याकडे बघतो.

आणि ओढा? 25 सप्टेंबर 2019च्या रात्री हाच आंबील ओढा वस्त्यांत आणि सोसायट्यांत शिरला. भिंती कोसळल्या, माणसं गेली. तो निघाला होता आपल्या नेहमीच्या वाटेनं. वाटेत आपली घरं होती. यावर अभिकल्पवाल्यांनी काही बोलावं अशी माझी भाबडी अपेक्षा. प्रश्नोत्तरांत मी कात्रजच्या नळाचं विचारलंही. व्यासपीठावरून हसून उत्तर आलं, “ते आमच्या फेज-टूमध्ये आहे.” आमच्या शहराचं सगळं शहाणपण फेज-टूमध्ये असतं. फेज-वनमध्ये पार्किंग असतं.

तेवढ्यात वळीव आला. पंधरा मिनिटं कोसळला असेल-नसेल, पाणी हबच्या दारात. बाहेर कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि झाडांच्या बुंध्यांभोवती सिमेंटचे गळपट्टे. पाण्यानं जायचं कुठं? ते बिचारं आमंत्रण नसताना आत आलं. शाश्वततेच्या मान्यवरांनी बूट वर घेतले.

झाडू घेऊन मामा आले. नाव विचारू नका, ते कंत्राटी आहेत, यादीत त्यांचा नुसता आकडा असतो. पाणी लोटता लोटता म्हणाले, “इथं विहीर होती, साहेब. सगळ्या आवाराचं पाणी तिच्यात उतरायचं. बुजवली पार्किंगसाठी.”

“कुठल्या पार्किंगसाठी?”

“ह्याच की. हबच्या.”

शेजारी उभ्या संशोधक बाईंचा चेहरा उजळला. “सर, हे तर समुदायाचं पारंपरिक ज्ञान!” त्यांनी लगेच टॅब काढला, पाठोपाठ संमतिपत्र काढलं. दोन पानं, इंग्रजी. नाव, वय, आणि ‘वर्ग’ या रकान्यात आधीच छापलेलं : स्टेकहोल्डर. मामांनी झाडू काखेत धरला, ओला हात विजारीला पुसला आणि त्या म्हणाल्या तिथं सही केली.

“आता फडकं आणू का, मॅडम?”

“एक मिनिट, मामा, आधी फोटो. लोकेशन ऑन केलंय.”

मामा झाडू घेऊन सरळ उभे राहिले. फोटोत पाणीसुद्धा छान आलं.