उंबऱ्याबाहेरचा ढीग

अंदमानला जाणारा मराठी माणूस मुळात सावरकरांची कोठडी पाहायला जातो. ती पाहून, डोळे पुसून झाले की टूरवाले त्याला भल्या पहाटे बाराटांग बेटावर नेतात. कार्यक्रमपत्रिकेत ‘मड व्होल्कॅनो’ वाचल्यापासून मंडळींच्या मनात लालभडक लाव्हा उसळत असतो. प्रत्यक्षात कुंपणाआड करड्या चिखलाचा एक उंचवटा आणि त्याला वाटीएवढं तोंड. त्यात एक बुडबुडा सावकाश फुगतो, जरा विचार करतो आणि ‘बुळुक’ करून फुटतो. चिखल चक्क गार! “एवढ्यासाठी झोपमोड केलीत?” असं कुणीतरी काकू विचारतातच.

मला मात्र तो चिखल फार प्रिय आहे. भारतीय भूपट्ट इथे पूर्वेकडे अंदमानखाली घुसतो आहे. त्याच्या पाठीवर समुद्रतळाचा गाळ. गंगा-ब्रह्मपुत्रेने हिमालय झिजवून बंगालच्या उपसागरात जो गाळ पसरलाय, तो सुमारे ३००० किलोमीटर लांब! एवढं ओझं घेऊन आत कोण जाणार? लग्नघरात पाहुणे आत जातात आणि चपलांचा ढीग उंबऱ्याबाहेर राहतो, तसा हा गाळ कडेला खरवडून साचतो. अंदमान म्हणजे त्या ढिगाचं पाण्याबाहेर आलेलं डोकं.

फरक एवढाच, की इथे नव्या चपला ढिगाखाली शिरतात आणि जुन्यांना वर ढकलतात. खालचा थर जुना, वरचा नवा, हे शाळेत घोकलेलं इथे चालत नाही. सेवाज्येष्ठता कडक! म्हणून दक्षिण अंदमानात चालता चालता समुद्रतळाचा थिजलेला लाव्हा पायाखाली येतो. शेजारी सूक्ष्म सागरजीवांच्या कवचांचा चर्ट. या ढकलाढकलीच्या दाबाखाली ओल्या गाळातलं पाणी आणि मिथेन पिळून निघतं. वाट मिळेल तिथून चिखलासकट वर येतं. तेच बाराटांगचं ‘बुळुक’.

थोडा गाळ उंबरा ओलांडून आत जातोच. खोलवर भूपट्टातलं आणि त्या गाळातलं पाणी सुटतं, वरचा तप्त खडक वितळतो आणि पूर्वेला बॅरन बेटावर खराखुरा ज्वालामुखी धुमसतो.

भूपट्टाच्या याच घुसण्यातून झालेल्या २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर वर उचलला गेला; पोवळी कोरडी पडून मेली. ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट मात्र चार मीटरांहून जास्त खचलं, दीपस्तंभाच्या पायथ्याशी समुद्र आला. भारताचं दक्षिण टोक म्हणून परीक्षेत मुलं अजूनही त्याचंच नाव लिहितात, आणि पूर्ण मार्क मिळवतात.