समर्थांचं काम कोण करणार?

ज्या पानावर 'पुस्तकात लिहू नये' असा जांभळा शिक्का मारलेला आहे, नेमकं त्याच पानावर आमच्या गावानं लिहून ठेवलं आहे. पुस्तक नारायण धारपांचं, समर्थकथांचं. खाकी कव्हर, पाठीवर दाखल नंबराची चिठ्ठी, आणि कुणीतरी कधीतरी वर चहाचा कप ठेवल्याची गोल खूण. शेवटचं पान कोरं. म्हणजे छापणाऱ्यानं कोरं सोडलेलं.

त्यावर सगळ्यात वर शिसपेनीनं लिहिलंय : 'समर्थ - डॉ. श्रीराम लागू'. त्याच्याखाली निळ्या, फुटलेल्या शाईत : 'ते देवाला रिटायर करा म्हणतात. भुतं कशी मानतील?' त्याखाली पुन्हा शिसपेन, जरा रागानं दाबून : 'नटाला मानावं लागत नाही'. मग एका बाजूला 'विक्रम गोखले. आवाज पहा'. मग बॉलपेन आलं, त्याच्यासोबत सचिन खेडेकर आले, अतुल कुलकर्णी आले. लागू 2019 साली गेले, गोखले 2022 साली. दोन्ही वेळा कुणीतरी पुस्तक काढून त्या नावापुढं बारीक फुली मारली. सिनेमा काही आला नाही. पात्रनिवड मात्र आमच्याकडं चाळीसेक वर्षं अखंड चालू आहे.

आमचं हे गाव म्हणजे आसेगाव, वाशीम जिल्ह्यातलं, मंगरुळपीर तालुक्यातलं. रिसोडकडचं आसेगाव पेन वेगळं, अमरावतीकडचं आसेगाव पूर्णा वेगळं. आमच्या नावापुढं काही नाही. कापूस, तूर, सोयाबीन, एक पोलीस ठाणं आणि हे पान, एवढी आमची ओळख.

ज्यांनी धारप वाचले नाहीत त्यांना दोन शब्द सांगायला हवेत, आणि वाचलेल्यांना ते दोन शब्द कमी वाटणार. 1925 ते 2008 एवढं या गृहस्थांचं आयुष्य, आणि मराठी माणसाला रात्री लघवीला एकट्यानं जायची भीती वाटावी ही त्यांची कामगिरी. 'लुचाई', 'शपथ', 'ग्रहण', '४४० चंदनवाडी'. पण आमच्या गावाचा जीव समर्थांवर. अंधारातल्या शक्तींशी लढणारा, पण आवाज न चढवणारा माणूस. हाणामारी नाही, डोळे वटारणं नाही. आणि सोबतीला अप्पा जोशी, जे सगळं पाहतात, घाबरतात आणि आपल्याला सांगतात.

जाणकार लगेच सांगतात की 'लुचाई' वाचायची तर स्टीफन किंगचं 'सेलम्स लॉट' आधी वाचा, 'शपथ' वाचायची तर 'इट' वाचा. वाचा की. पण अमेरिकेतल्या मेन राज्यातलं भूत वाड्याच्या चौकात आणून उभं करणं आणि त्याला मराठीत दचकवायला लावणं, हे पत्रिका जुळवण्यापेक्षा अवघड काम आहे. मुलगी लांबची होती म्हणून संसार खोटा ठरत नाही.

खरं सांगायचं तर मी धारप आधी वाचले नाहीत, ऐकले. माझा आतेभाऊ अकोल्याला शिकायला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो यायचा आणि रात्री आम्ही सगळी पोट्टी धाब्यावर झोपायचो. लाइन गेलेली असायची. तो पालथा पडून, हनुवटी उशीवर ठेवून, हळू आवाजात सुरू करायचा. गोष्टीत वाडा असायचा, वाड्यात तळघर. आता आमच्या गावात तळघर कुठून येणार? त्यानं तिथं पेव घातलं.

पेव आम्हाला ठाऊक होतं. जमिनीत खोल खणलेला ज्वारीचा खड्डा, वरून तोंड अरुंद, आत पोट मोठं. बरेच महिने बंद राहिलेलं पेव उघडलं की त्यात लगेच कुणी उतरत नसे. आत कोंडलेल्या हवेनं माणूस मरतो. म्हणून आधी दोराला बांधून कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर तोंड उघडंच ठेवून आत हवा खेळू देणार आणि दुसऱ्या दिवशी पाहणार. माझ्या आतेभावाच्या गोष्टीत समर्थ पेवाच्या तोंडाशी बसायचे, कंदील सोडायचे. कंदील खाली जायचा, जायचा, जायचा, आणि विझायचा. मग दोराला खालून हिसका बसायचा.

इथं तो थांबायचा. "उरलेलं उद्या सांगीन," म्हणून कूस बदलायचा आणि दोन मिनिटांत घोरायला लागायचा. आम्ही सहा जण आभाळाकडं पाहत पडून राहायचो. खाली उतरून पाणी प्यायची कुणाची छाती नव्हती.

आठ-दहा वर्षांनी ते पुस्तक माझ्या हाती लागलं. मी पेव शोधलं. पानं पुढं-मागं केली. पेव नव्हतं. कंदीलही नव्हता. गोष्ट चांगलीच होती, पण मला माझे पैसे बुडाल्यासारखं झालं, आणि पुस्तक तर वाचनालयाचं होतं.

तेव्हापासून गावात दोन पक्ष आहेत. एक वाचलेल्यांचा, एक ऐकलेल्यांचा. सिनेमाची वाट दोघंही पाहतात. दर एक-दोन वर्षांनी कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी येते की समर्थांवर पिच्चर निघतोय. कुणी पाठवली ते त्यालाही माहीत नसतं. मग पानटपरीवर बैठक बसते. गाणी नसावीत, यावर एकमत होतं. समर्थांना लग्न करायला लावू नये, यावरही. पावसाळ्यात दाखवावा की उन्हाळ्यात, यावर मोडतं.

दुसऱ्यांचे हाल पाहून थोडी धास्तीही आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे 2017 साली पडद्यावर आला तेव्हा तो चक्क मोठा होऊन आला. अमेय वाघ चांगला नट, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण आमच्या डोक्यात फेणे अजून हाफ पँटीत सायकल मारत होता. ज्याला आपण मोठं होऊ दिलं नाही तो परस्पर मोठा झाला, की आईबापांना वाटतं तसं काहीतरी वाटलं. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' 2013 मध्ये आली तेव्हा कादंबरी वाचलेले आणि न वाचलेले एकाच जीपमध्ये बसून गेले आणि परत येताना वेगवेगळ्या सीटवर बसले.

वाट पाहण्याचा हा रोग आमच्या जिल्ह्याला आजचा नाही. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या कामांमागं ज्याचा काळ उभा आहे तो हरिषेण याच शाखेचा. पण आम्हाला त्यापेक्षा मोठा अभिमान दुसरा. कथासरित्सागरात गुणाढ्याची हकीकत आहे, आणि त्याच्या दोन मामांची नावं आहेत वत्स आणि गुल्म. आता गावाचं नाव तेच, मामांची नावं तीच, म्हटल्यावर पुढचा हिशेब आम्हीच केला. गुणाढ्य आमचा भाचा.

आणि हा भाचा कोण, तर भुतांच्या भाषेत लिहिणारा. पैज हरला म्हणून त्यानं संस्कृत सोडली, प्राकृत सोडली, देशी बोली सोडली. उरली पैशाची, पिशाचांची. काणभूती नावाच्या पिशाचानं सांगितलेली गोष्ट त्यानं त्या भाषेत सात वर्षं बसून लिहिली, सात लाख श्लोक, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. शिष्यांच्या हाती बाड सातवाहन राजाकडं पाठवलं. राजानं नुसतं पाहिलं आणि परत केलं. भाषा पिशाचांची, शाई रक्ताची, एवढं लांबलचक, कोण पाहणार? आज एखादा निर्माता नेमकं हेच बोलेल, फक्त एसीत बसून.

मग गुणाढ्यानं रानात कुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकायला लागला. हरणं, डुकरं, रेडे भोवती जमले. चरणं सोडून रडत ऐकत बसले. इकडं राजाच्या ताटात मटण वाळकं यायला लागलं, राजा आजारी पडला. शिकाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, जनावरं चरतच नाहीत, गोष्ट ऐकतात. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. लाखभर उरले.

पुढं अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं सूर्यमती राणीसाठी त्या गोष्टींवरून संस्कृतात कथासरित्सागर केला. त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत, आणि त्या वेताळाला 1985 साली रामानंद सागरांनी दूरदर्शनवर आणलं. एकूण वेळ किती लागला ते मोजून पहा. त्या मानानं समर्थांना उशीर झालाय असं म्हणणं जरा उतावळेपणाचंच. मला त्या गोष्टीत राजापेक्षा हरणांचं जास्त वाटतं. त्यांनी सातही लाख ऐकले असते. त्यांना सोमदेवाचं संस्कृत दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, ठीक आहे, पण मूळ ज्यानं वाचून दाखवलं त्याची सर नाही.

धारप पडद्यावर आलेच नाहीत असं नाही. 2018 मध्ये झी मराठीवर 'ग्रहण' मालिका आली, पल्लवी जोशी होत्या. आणि त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला 'तुंबाड' आला. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, पण मुळाशी धारपांची आजीची गोष्ट. तीही किंगच्या एका आजीवरून आलेली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलेली हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा उभ्या उभ्या खाली बसलो. 1993 साली ते नागझिऱ्याच्या जंगलात होते, तिथं एका मित्रानं रात्री त्यांना धारपांची गोष्ट सांगितली. भयंकर घाबरले. पुढं कधीतरी मूळ गोष्ट वाचली आणि निराशा झाली. मित्रानं सांगितली होती तेवढी काही ती भीतीची नव्हती. मग त्या ऐकलेल्या गोष्टीच्या मागं ते लागले. 1997 मध्ये पहिला खर्डा, सातशे पानांचा स्टोरीबोर्ड, 2012 मध्ये चित्रीकरण, ते मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा चित्रीकरण.

नागझिरा गोंदियाकडं. म्हणजे विदर्भातच. म्हणजे आमच्या आतेभावासारखा आणखी एक जण तिकडं पालथा पडून गोष्ट सांगत होता.

सप्टेंबर 2024 मध्ये 'तुंबाड' पुन्हा लागला. पहिल्या वेळेपेक्षा या वेळी धंदाही जास्त केला त्यानं. पहिल्या वेळी आमच्यापैकी बहुतेकांनी तो मोबाइलवर पाहिलेला, म्हणजे त्यातला राक्षस हस्तर तीन इंचांचा. या वेळी ठरवून अकोल्याला गेलो. सोयाबीनच्या शेंगा भरत होत्या, कुणाला फार काम नव्हतं. आतेभाऊ आता साठीच्या पुढं आहे, गुडघे धरून बसतो. मी त्याला जवळजवळ उचलूनच नेलं.

सिनेमाभर पाऊस. खरा पाऊस, त्यासाठी म्हणे ते पावसाळ्यांमागून पावसाळे थांबले. माझ्या शेजारी बसलेला आमचा शेतकरी मित्र अर्ध्या तासानं हळूच म्हणाला, "एवढा पाऊस आपल्याकडं पडत असन तर भुताचं मी पाहून घेईन ना बाप्पा."

मग सिनेमातला नायक विनायक दोर धरून खाली उतरायला लागला. विहिरीसारखं अरुंद तोंड, आत लाल, ओलसर, मोठं पोट. कणकेची बाहुली सोबत. आणि माझ्या अंगावर काटा आला, तो हस्तरला पाहून नाही. ते आमचं पेव होतं. पुस्तकात शोधून न सापडलेलं पेव, ज्यानं आसेगावचं नावही कधी ऐकलं नसेल अशा माणसानं बांधून ठेवलं होतं. मी वळून आतेभावाकडं पाहिलं. तो डोळे बारीक करून पडद्याकडं पाहत होता, बियाण्याच्या पिशवीवरची तारीख वाचतो तसा.

बाहेर आल्यावर चहा घेतला. सगळे बोलत होते, तो गप्प. शेवटी मीच विचारलं, "दादा, कसा वाटला?"

"बरा हाय," तो म्हणाला. बशीत चहा ओतला, फुंकला. "पण तिथं कंदील विजाले पाह्यजे होता."

मागच्या महिन्यात वाचनालयात गेलो तेव्हा ते पुस्तक काढलं. कोऱ्या पानावर आता फारशी जागा उरलेली नाही. सगळ्यात खाली हिरव्या जेल पेनानं, अगदी ताजं, शाळकरी अक्षरात : 'समर्थ - मीच. दोन वर्षं थांबा.' मला हसू आलं, आणि जरा धीरही आला. पण पान वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. चाळीस वर्षांत एवढ्या लोकांनी एवढ्या पेनांनी समर्थांचं काम वाटलं. अप्पा जोशींचं कुणी कुणालाच दिलेलं नाही. आणि सांगतात तर तेच.

मी खिशातून पेन काढलं. कडेला उरलेल्या बोटभर जागेत 'अप्पा जोशी' लिहिलं, पुढं आडवी रेघ मारली. नाव लिहायला सुरुवात करणार तोच मागून ग्रंथपालांचा आवाज आला :

"भाऊ, एवढा मोठा शिक्का मारला हाय ना, दिसून नाही रायला का?"